विधवा स्पीचलीची खबर

‘बसला. बसलाच बघ शेवटी, शहाणा,’ मिस ऑजर्स दातांतल्या दातांत पुटपुटल्या, आणि त्यांच्या पेन्सिलीचं टोक कागदावर काडकन मोडलं.

मॉरीनने मान वर केली तेव्हा तिला आधी फक्त एक मफलर दिसला. विटकरी, घरी विणलेला, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. मग त्या खुर्चीतला माणूस दिसला, पंचविशीचा, दाढीवाला, समोर तीन पुस्तकांची चळत. आणि मग, जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून टाकलेला पाय हवेतून दाणकन खाली यावा, तसं तिला झालं. ती खुर्ची चौदा नंबरची होती. वाचनकक्षात खुर्च्या कुणाच्या नावावर नसतात, आधी येईल त्याची जागा, असं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. पण ऑक्टोबरपासून फेब्रुवारीच्या या शेवटच्या आठवड्यापर्यंत, बाहेर बर्फाचा चिखल झालेला आणि निम्मं शहर फुकटच्या उबेला इथं येऊन बसलेलं असतानाही, चौदा नंबरवर कुणी बसलं नव्हतं. नवखा कुणी तिकडे वळला, की मिस ऑजर्स अशा काही खाकरत, की तो बिचारा मुकाट तीस नंबरपर्यंत चालत जाई. आज त्या चहाला खाली गेल्या होत्या. तेवढ्या दहा मिनिटांत घात झाला.

‘त्याला सांगायला हवं कुणीतरी,’ मिस ऑजर्स म्हणाल्या.

‘काय सांगायचं?’

‘हेच, की ती जागा...’ त्यांनी पर्समधून शार्पनर काढला आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. ‘तिथला रेडिएटर गळतो म्हणून सांग. तू सांग. तू तरुण आहेस.’

‘गळत नाही तो.’

‘मला ठाऊक आहे गळत नाही ते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, मॉरीन. खोटं कसं ओळखायचं ते मला नको शिकवूस.’

मिस ऑजर्स सहा वर्षं स्वतःच्या घराण्याची वंशावळ खणत होत्या. वर कुठंतरी एखादा सरदार निघेल या आशेनं सुरुवात केली होती. सतराशे बारा सालच्या एका खाटकापाशी वाट बंद झाली. तेव्हापासून त्या त्या खाटकावर चिडून होत्या, आणि तरी रोज त्याच्याचसाठी येत होत्या. वाचनकक्षात येणाऱ्यांचं बहुतेक असंच असतं. आपण काय शोधायला आलो होतो ते मागं पडतं, आणि जे सापडलं त्याच्याशीच संसार होऊन बसतो.

चौदा नंबरची जागा मिस्टर पार्जिटरांची. पंधरा नंबरची मॉरीनची. तीन वर्षं ती त्यांच्या उजव्या कोपराला कोपर लावून बसली होती, आणि तरी ते कुठं राहतात हे तिला ठाऊक नव्हतं. सत्तावीस नंबरच्या बसने जातात, एवढंच ठाऊक होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी टोपी उचलली, ‘येतो हं, पोरी,’ म्हणाले, आणि सोमवारी आले नाहीत. पहिल्या आठवड्यात सगळे म्हणाले, या दिवसांत खोकला वाईट. नोव्हेंबरात कुणीतरी म्हणालं, मुलीकडे गेले असतील कॅनडात. त्यांना मुलगी आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण कॅनडा सगळ्यांना पटला. नाताळात तळघरातल्या चहाच्या टेबलावर मिस ऑजर्स म्हणाल्या, ‘तिकडे थंडी फार असेल नाही?’ आणि सगळ्यांनी आपापल्या भाजलेल्या पावावर इतक्या मनापासून लोणी लावायला घेतलं, की त्यानंतर कॅनडासुद्धा कुणी काढला नाही.

मॉरीन हॅडफील्ड पहिल्यांदा या खोलीत आली तेव्हा शहात्तर सालचा तो कोरडा, पेटलेला उन्हाळा होता. घुमटाखाली हवा वितळल्यासारखी झाली होती, आणि त्यातही शेजारचा म्हातारा कोटाची सगळी बटणं लावून बसला होता. त्याच्या शर्टाच्या कफांवर तांबूस पूड होती. तिला वाटलं गंज, किंवा विटा. मग तिच्याही बाहीला ती लागली. जुन्या पुस्तकांचं कातडं मरायला लागलं की त्याची अशी लाल भुकटी होते आणि वाचणाऱ्याच्या अंगावर उतरते. कितीही धुतली तरी जात नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, हल शहरातल्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत, ओल्या लोकरीचा वास आला आणि कुणाच्या बाहीवर लालसर डाग दिसला, की मॉरीनला तो घुमट आठवे, त्याखालची ती शांतता आठवे, जी शांतता नव्हतीच मुळी, नुसत्या पानांचा, खुर्च्यांचा, दबलेल्या शिंकांचा एक मंद पाऊस होता. आणि आपण तेव्हा सुखात होतो हे आपल्याला एकानेही कसं सांगितलं नाही, असा तिला रागही येई.

तिचा विषय होता हंस. तळ्यात मान वाकवून मिरवणारे नव्हेत. दारातले, गळा काढून ओरडणारे, पोटरीला चावणारे पाळीव हंस. लिंकनशरच्या दलदलीत पाणी उपसून शेतं काढण्याआधी बायका ते कळपाकळपांनी पाळत, वर्षातून पाच वेळा त्यांची पिसं उपटत, रात्री घरातच त्यांना तीनमजली खुराड्यात झोपवत. शरद ऋतूत हंसांचे पाय आधी पातळ डांबरात आणि मग वाळूत बुडवून त्यांना बूट करत, आणि पन्नास मैल चालवत नॉटिंगहॅमच्या जत्रेला नेत. नेत म्हणजे पुरुष नेत, असं सगळे कागद सांगत होते. बायकांनी वाढवायचं, पुरुषांनी न्यायचं. मॉरीनला ते पटत नव्हतं. न पटण्याला आधार काय, तर तिच्या आजीने ग्रिम्सबीच्या गोदीवर मासे विकले होते, आणि ती कुणाला काही न्यायला देणारी बाई नव्हती. ‘पुरावा आणा, मिस हॅडफील्ड,’ तिचे मार्गदर्शक म्हणायचे, ‘पिसं नकोत.’ आई फोनवर म्हणायची, ‘मी शेजारच्या बाईला सांगितलंय तू वकिली शिकतेस म्हणून. हंस म्हटलं की पुढे काय बोलायचं तेच मला सुचत नाही गं.’

आणि मिस्टर पार्जिटरांच्या पुढ्यात जे कातडी बाड होतं, ती त्याच दलदलीतल्या मार्टन ड्रोव्ह नावाच्या गावच्या पाद्र्याची रोजनिशी होती. ते ती उतरवून घेत होते, पेन्सिलीने, वह्यांमागून वह्या. रेल्वेच्या सिग्नलच्या केबिनीत त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. तिथं समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ नोंदवहीत लिहायची असते. निवृत्त झाल्यावर पहिल्या सोमवारी त्यांना समोरून काहीच जाईना, तेव्हा ते इथं आले. त्यांचा एक नियम होता. पाद्र्याने ज्या तारखेला जे लिहिलं, ते त्याच तारखेला वाचायचं. दिवसाला एकच नोंद. रविवारी वाचनकक्ष बंद, म्हणून सोमवारी दोन. ‘रविवारची गाडी लेट,’ असं ते कुजबुजत आणि पान उलटत. सत्तर साली त्यांनी सतराशे एकसष्ट धरलं होतं, तेव्हापासून दोघेही बरोबरीने म्हातारे होत चालले होते, पाद्री तिकडे आणि ते इकडे. पाद्र्याला संधिवात झाला त्या वर्षी हेही काठी घेऊन येऊ लागले.

हंसांचा उल्लेख आला की ते चिठ्ठीवर लिहून तिच्याकडे सरकवत. खोलीत बोलायची बंदी. चिठ्ठ्यांना बंदी नव्हती. अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात एक चिठ्ठी आली: ‘विधवा हॅना स्पीचली भांडून गेली. दिराने जत्रेत हंस विकून निम्मे पैसे खाल्ले म्हणते. पुढल्या साली मीच नेईन म्हणते.’ मॉरीनने ती तीनदा वाचली. कानशिलं तापली तिची. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी एक बोट वर करून ‘पुढल्या साली’ अशी खूण केली, आणि बाड मिटलं.

एक वर्ष! कोपराएवढ्या अंतरावर ते बाड होतं. बारा महिन्यांची पानं म्हणजे बोटभर जाडीही नाही. कुणीही माणूस म्हणाला असता, अहो, जरा पुढचं बघू द्या. मॉरीन म्हणाली नाही. जिथं ती वाढली तिथं दुसऱ्याच्या ताटातलं मागत नाहीत, आणि मागितलं तर दुसरा देतोच, म्हणून तर मागायचं नसतं. ती थांबली. मधल्या जूनमध्ये एका शनिवारी ते दोघं मार्टन ड्रोव्हला जाऊन आले. बोस्टनपर्यंत गाडी, पुढे बस. गाडीत मिस्टर पार्जिटर खिडकीशी बसून प्रत्येक केबिनीला हात करत होते, आणि प्रत्येक केबिनीतून हात होत होता. कोण कुठला म्हातारा, तरी. गावात चर्चची किल्ली दुकानदारणीकडे होती. ‘दार लावून घ्या हं नीट, मेंढ्या शिरतात,’ असं म्हणून तिने ती वितीएवढी किल्ली चीजच्या सुरीशेजारून उचलून दिली. चर्चमध्ये गारठा होता, जूनमध्येही. बाहेर जमीन इतकी सपाट, की आभाळालाच काही काम उरलं नव्हतं, ते आपलं सगळीकडे पसरून बसलं होतं. पाद्र्याची कबर सापडली. हॅनाची सापडली नाही. विधवांना दगड परवडत नसत. भिंतीला टेकून त्यांनी चीज आणि लोणच्याचे सँडविच खाल्ले, थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीने चहा प्यायले.

‘पुढचं पान उलटून बघावंसं वाटत नाही तुम्हाला?’ तिने विचारलं. त्याहून जवळ ती त्या मागणीच्या कधी गेली नाही.

‘मागच्या केबिनीतून घंटा आल्याशिवाय सिग्नल पाडायचा नसतो, पोरी. घाई केली की माणसं जातात.’ त्यांनी झाकण झटकलं. ‘आणि असं बघ, तो बिचारा उद्याचं ठाऊक नसताना लिहीत होता. मला ठाऊक असलं, तर मग आमच्या गप्पा कशा व्हायच्या? तो म्हणेल, आज बरं वाटतंय. आणि मी आपला मान खाली घालून बसायचा.’

मग सप्टेंबर आला. एकवीस तारीख: ‘विधवा स्पीचलीने हंसांचे पाय डांबरात बुडवले. वास माझ्या जेवणापर्यंत.’ चोवीस: ‘निघाली. साठ हंस, एक काठी. दीर दारात उभा राहून हसला. मी हसलो नाही असं लिहू शकलो असतो तर बरं झालं असतं.’ त्या आठवड्यात मॉरीनला झोप नव्हती. मिस्टर पार्जिटरही सकाळी दार उघडायच्या आधीच पायरीवर उभे असायचे, टोपी हातात, लग्नघरी आल्यासारखे. दोन ऑक्टोबर, जत्रेचा दिवस, पाद्र्याने फक्त दाढदुखी लिहिली. तीन, दाढदुखी. चार, दाढ काढली. पाच, शुक्रवार: ‘पाऊस. विधवा स्पीचलीची खबर नाही.’

ती शेवटची चिठ्ठी. ‘येतो हं, पोरी.’

त्या घुमटाखाली एक नियम असा होता, की रोज लागणारं पुस्तक काउंटरमागच्या राखीव फळीवर वाचकाच्या नावाने ठेवत. सहा दिवसांत एकदा वाचकाने काउंटरवरच्या लाकडी ट्रेमधल्या आपल्या चिठ्ठीवर तारीख घालून आद्याक्षरं करायची. नाही केली तर पुस्तक परत तळघरात. आणि राखीव पुस्तक दुसऱ्याला मिळत नाही. पहिल्यांदा मॉरीनने ते चांगल्या मनाने केलं. सर्दी झाली असेल, दोन दिवसांत येतील, आणि पुस्तक खाली गेलेलं पाहून चिडतील. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या वळणाची ‘ई. पी.’ काढली. दुसऱ्यांदाही पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं नाही. मग ते दर सहा दिवसांचं व्रतच झालं, आणि आपण काय करतो आहोत हे तिला जानेवारीत, तापात पडून असताना कळलं. शिष्यवृत्ती सप्टेंबरातच संपली होती. ईस्टरनंतर हलच्या शाळेत नोकरी होती, ती पत्रानं पक्कीही झाली होती. त्याआधी प्रबंध द्यायचा होता, आणि प्रबंधाच्या मध्यावर, जिथं हॅना साठ हंस घेऊन नॉटिंगहॅमच्या वेशीतून आत शिरायला हवी होती, तिथं मोकळं पान होतं. ते भरायला जे पुस्तक लागत होतं, ते ती दर सहा दिवसांनी स्वतःच्या हाताने स्वतःला मिळू नये अशी तजवीज करत होती. सही करायची थांबले की पुस्तक माझं. पण सही थांबवणारी मी असेन. तेव्हा ती तापात उशी कुशीत घेऊन वेड्यासारखी हसली होती. अकरा दिवसांनी उठून ती भीतभीत आली. आता गेलं असेल खाली, सुटले, असंही तिला वाटून गेलं होतं, ते तिने स्वतःपासूनही लपवलं. पण बाड फळीवर होतं, नाव लिहिलेली पट्टी तशीच बाहेर डोकावत होती. नजरचूक झाली असेल कुणाची, असं समजून तिने पुन्हा सही केली होती.

आज सहावा दिवस होता. आणि चौदा नंबरवर एक दाढीवाला बसून पेन्सिल चावत होता.

‘रेडिएटरचं,’ मिस ऑजर्सनी आठवण करून दिली.

मॉरीन उठली. ती दाढीवाल्याकडे गेली नाही, काउंटरकडे गेली. आज सही करायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं; फक्त न करायचं, ते जमेल. तिने ट्रेमधून चिठ्ठी उचलली. तारखांची लांब माळ, प्रत्येकीपुढे ‘ई. पी.’ आणि सगळ्यात खाली आजची तारीख होती, सही झालेली. तिने केलेली नव्हती. पेन्सिल इतकी दाबून लिहिलेलं, की ‘पी’च्या शेपटाशी कागद फाटला होता. अशी पेन्सिल दाबणारी, रोज टोकं मोडणारी बाई या खोलीत एकच होती. दर खेपेला ती नजर चोरून शेवटच्या ओळीखाली सही उरकायची; आज पहिल्यांदा ती एकेक ओळ वर वाचत गेली. तिच्या तापाचे दिवस. तिथं आणखी एक हात होता. सरळ, उभा, एकमेकींना न टेकणारी अक्षरं, काउंटरवरच्या यादीच्या कार्डांवर असतात तशी. एकेका आठवड्यात तीन-तीन सह्या. पाच महिने तिघी जणी एकमेकींच्या चोरून तेच करत होत्या, आणि संध्याकाळी एकमेकींना ‘उद्या भेटू’ म्हणत होत्या.

तिने कोरी चिठ्ठी घेतली. मार्टन ड्रोव्हची रोजनिशी, खंड दुसरा. वाचक, एम. हॅडफील्ड. खुर्ची, पंधरा. आणि ती मिसेस थ्रेलफॉलसमोर ठेवली.

मिसेस थ्रेलफॉल तीस वर्षं या काउंटरवर होत्या. राखाडी स्वेटर, साखळीला चष्मा, आणि खोलीत कुणाच्या खिशात गोळी चुरचुरली तरी ऐकू येणारे कान. त्यांना नवरा होता का, होता तर कधी, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचली.

‘वापरात आहे,’ त्या म्हणाल्या.

‘कुणाच्या?’

असा प्रश्न त्या काउंटरवर विचारायची रीत नव्हती. पाठीमागे ओल्या बुटांचा सपसप आवाज आला आणि मिस ऑजर्स येऊन उभ्या राहिल्या. ‘मॉरीन, त्या मुलाला तू... ’ म्हणाल्या, आणि मॉरीनच्या हातातली जुनी चिठ्ठी पाहून त्यांनी हातातली पेन्सिल पर्समध्ये टाकली. त्यांची मान लाल झाली, शाळकरी मुलीसारखी.

मिसेस थ्रेलफॉल वळल्या. राखीव फळीवरून त्यांनी बाड दोन्ही हातांनी उचललं, निजलेलं मूल उचलावं तसं, आणि काउंटरवर ठेवलं. तेव्हा मॉरीनला त्यांचे कफ दिसले. पांढऱ्या कापडावर कडेकडेने तांबूस पूड, धुऊन धुऊन फिकटलेली, पुन्हा नव्याने लागलेली. पट्टी पाच ऑक्टोबरवरच होती.

‘उघडत नाही मी,’ त्या कफांकडे पाहत म्हणाल्या, जणू मॉरीनने काही विचारलं होतं. ‘फक्त सकाळी खाली काढते. संध्याकाळी वर ठेवते. पुस्तक वापरात असलं पाहिजे, असा नियम आहे.’

‘बरोबर आहे,’ मिस ऑजर्स घाईने म्हणाल्या. ‘नियम आहेच तो, मिसेस थ्रेलफॉल. आणि खोकला काही असा लगेच...’

‘एडिथ, पुरे.’

एवढंच. मिस ऑजर्सचं नाव एडिथ आहे हे मॉरीनला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं. घुमटाखाली कुणीतरी शिंकलं. चौदा नंबरच्या खुर्चीचा पाय फरशीवर घासला.

‘हॉस्पिटलात त्याला बघायला मी दोन बुधवारी गेले. अर्ध्या दिवसाच्या सुटीला,’ मिसेस थ्रेलफॉल म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, वेळ संपल्याचं सांगताना असतो तो. ‘पहिल्या खेपेला म्हणाला, मी वाचायला नाही, हॅनाचं काय झालं ते तू बघून ये. शेवटच्या खेपेला विचारलं, पोचली का गं. मी म्हटलं, पोचली. साठच्या साठ पोचले. मी पान उलटलं नव्हतं, मॉरीन. आधी मला वेळ झाला नाही, आणि मग धीर झाला नाही. खरं काय आहे ते मला ठाऊक नाही. तो हसला मात्र. म्हणाला, त्या पोरीला सांग.’ त्यांनी राखीव पट्टी सावकाश ओढून काढली, दुमडली आणि स्वेटरच्या खिशात ठेवली. मग बाड मॉरीनकडे सरकवलं. ‘तुला सांगायचं म्हणजे दुसरंही सांगावं लागलं असतं, म्हणून राहिलं. अर्नेस्ट गेला. ऑक्टोबरच्या अठरा तारखेलाच गेला अर्नेस्ट.’